वापसी केळी आणि खांबावर टोणगे वाढवता येतील का?

भाऊ, तुमचा प्रश्न मला समजला तो असा. जळगाव जिल्ह्यात सावद्याजवळ सहा एकर केळी आहे, घरी दोन म्हशी आहेत. कटाई झाली की खांब, म्हणजे केळीची खोडं, बांधावर कुजतात आणि वापसीचा माल, म्हणजे व्यापाऱ्याने बाजूला काढलेली केळी, कुणी फुकटसुद्धा नेत नाही. म्हणून बाजारातून दहा टोणगे आणायचे, खांब, पाला आणि वापसी केळी यांवरच वाढवायचे आणि मांसासाठी विकायचे. खुराकाचा खर्च तुम्ही शून्य धरलाय आणि विचारताय की परवडेल का. जाता जाता पपई आणि लिंबाचंही विचारलंय.

थोडक्यात सांगायचं तर केळी घालून टोणगे चांगले वाढतात, नुसत्या केळीवर वाढत नाहीत. तुमच्या हिशोबात खुराकापुढे जे शून्य लिहिलंय, तिथेच गडबड आहे. रावेर-यावल पट्ट्यातल्या गोठ्यांवर माझं रोजचं जाणं आहे आणि हा विचार करणारे तुम्ही पहिले नाही. ज्यांचं जमलं त्यांनी केळीला मक्याच्या भरड्याची जागा दिली. ज्यांचं फसलं त्यांनी केळीला सगळ्या चाऱ्याची जागा दिली. पुढे जे लिहितोय ते या फरकाबद्दलच आहे.

आधी कायद्याचं उरकून घेऊ. महाराष्ट्रात २०१५ पासून गाय, वळू, बैल यांच्या कत्तलीला पूर्ण बंदी आहे. त्यामुळे गोऱ्हे पोसून मांसाला विकायचा विचार असेल तर तो डोक्यातून काढा. म्हैसवर्ग त्या बंदीत येत नाही, देशातून जे मांस निर्यात होतं तेही मुख्यतः म्हशीचंच. पण म्हैस किंवा पारडू यांचीही कत्तल सक्षम अधिकाऱ्याच्या दाखल्याशिवाय करता येत नाही आणि तो दाखला मागितला की मिळतो असंही नाही. जनावर दूध, शेतकाम किंवा पैदाशीला उपयोगी आहे का, हे त्यात पाहिलं जातं. म्हणून टोणगे घ्यायच्या आधी तालुक्याच्या पशुधन विकास अधिकाऱ्याला भेटा. कोणत्या वयाचं जनावर पुढे कसं विकता येईल, वाहतुकीला कोणते कागद लागतात, हे तोंडी नको, नीट लिहून घ्या. पोसायला वर्ष जातं. विकायच्या दिवशी अडचण कळली तर तोवर झालेला खर्च कुणी देत नाही.

आता मूळ मुद्दा. आपण "केळीचा कचरा" म्हणतो खरं, पण त्यात तीन वेगवेगळ्या वस्तू असतात आणि जनावराच्या पोटात त्या तीन वेगळी कामं करतात. फळ म्हणजे पिष्ट, धान्यासारखी ऊर्जा. पाला म्हणजे बऱ्यापैकी वैरण, पण तुरट. आणि खांब म्हणजे मुख्यतः पाणी.

खांबापासून सुरू करतो, कारण ढीग त्याचाच सगळ्यात मोठा दिसतो आणि फसगतही तिथेच होते. ताज्या खांबात शंभर किलोला नव्वद-पंच्याण्णव किलो पाणी असतं. कोरडा भाग जेमतेम सहा-सात किलो, आणि त्यातही प्रथिनं चार टक्क्यांच्या आसपास. दोनशे किलोच्या टोणग्याला दिवसाला वजनाच्या पावणेतीन टक्के, म्हणजे साडेपाच किलो कोरडा चारा लागतो. तो सगळा खांबातून द्यायचा म्हटला तर ऐंशी-नव्वद किलो खांब त्याच्या पोटात जायला हवा. इतकं तो खाऊ शकत नाही. तो पोट भरेपर्यंत खातो, ढेरी तट्ट दिसते, मालकाला समाधान वाटतं आणि महिन्याभराने छातीच्या फासळ्या मोजता येतात. नुसत्या खांबावर ठेवलेलं ढोर ओळखायला मला वजनकाटा लागत नाही. पोट मोठं, पुठ्ठ्याची हाडं वर आलेली, केस राठ आणि तांबूस, शेण पातळ.

मग खांब टाकून द्यायचा का? नाही. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा पंचेचाळीसच्या घरात जातो, हिरवा चारा नावालाही नसतो आणि म्हैसवर्गाला ऊन गाईपेक्षा जास्त बाधतं, कारण कातडी काळी आणि घामाच्या ग्रंथी कमी. त्या दिवसांत कोरड्या कुट्टीत, म्हणजे कापलेल्या कडब्यात, थोडा चिरलेला खांब मिसळला की कुट्टी ओलसर होते, जनावर चवीने खातं आणि अंगात पाणीही जातं. मोठ्या टोणग्याला दिवसाला सहा ते आठ किलो खांब, तोही कडब्यात मिसळून, एवढंच त्याचं काम. बाहेरच्या सुकलेल्या, काळपट सालपटी काढून टाका आणि आतला पांढरा भाग वापरा. घड काढल्यावर चार-पाच दिवसांच्या आत वापरलेला बरा, नंतर तो आतून तपकिरी पडतो आणि जनावर तोंड फिरवतं.

एक व्यवहाराची गोष्ट. अख्खा खांब कडबाकुट्टीत घालू नका. त्याचे धागे शाफ्टला गुंडाळले जातात आणि मशीन दहा मिनिटांत जाम होतं. मग मोटर बंद करून, विळ्याने धागे कापत बसावं लागतं. आधी कोयत्याने खांब उभा चिरायचा, मग वीतभर लांबीचे आडवे तुकडे करायचे आणि ते मशीनला द्यायचे. तुकडे आखूड झाले की धागेही आखूड होतात आणि गुंडाळत नाहीत. पाती धारदार हवीत. दोन पेंढ्या कडब्याच्या, मग थोडा खांब, पुन्हा कडबा असं आळीपाळीने घातलं तर मशीन स्वतःच साफ होत जातं. चिकाचे डाग कपड्यावरून जात नाहीत, तेव्हा या कामाला जुना सदरा ठेवा.

खांबात पोटॅश भरपूर असतं, हे केळीवाल्याला वेगळं सांगायला नको. जनावराच्या दृष्टीने त्याचा अर्थ असा की पोटॅश जास्त आणि मीठ कमी, शिवाय जास्तीच्या पोटॅशमुळे मॅग्नेशियम नीट शोषलं जात नाही. म्हणून केळी-खांब खाणाऱ्या प्रत्येक जनावराला रोज पंचवीस-तीस ग्रॅम मीठ आणि तीस-चाळीस ग्रॅम चांगलं खनिज मिश्रण हवंच हवं. हा खर्च वाचवू नका.

आता फळ. हा खरा माल. हिरव्या केळीत पाणी सोडून जे उरतं, त्यातला सत्तर-ऐंशी टक्के भाग पिष्ट असतो. चार किलो हिरवी केळी म्हणजे ऊर्जेच्या हिशोबाने साधारण एक किलो मका. मक्याचा भाव तुम्हाला माहीत आहे, तेव्हा वापसीच्या एका क्रेटची किंमत तुमच्या गोठ्यात किती आहे हे तुम्हीच काढू शकता. त्यात प्रथिनं मात्र चार-पाच टक्केच, आणि तंतू फारसा नाही.

ऊर्जा जास्त आणि तंतू कमी, इथेच धोका आहे. टोणगा रवंथ करणारं जनावर आहे. त्याच्या पोटात एकदम पिष्ट किंवा साखर गेली की तिथले जिवाणू भराभर आम्ल तयार करतात, पोट आंबतं आणि रवंथ थांबतं. पिकलेल्या केळीत पिष्टाची साखर झालेली असते, त्यामुळे ती हिरवीपेक्षा जास्त वेगाने आंबते. लग्नाच्या पंगतीनंतर उरलेला भात आणि पोळ्या ढोरांना टाकल्यावर जे होतं, तेच हे. सकाळी सुस्त, दुपारी आडवं, संध्याकाळी डॉक्टरला फोन.

म्हणून नियम सांगतो. केळी कधीही उपाशी पोटी नाही. आधी कडबा किंवा कुट्टी, तास-दीड तासाने केळी. पहिल्या दिवशी एक किलो, दर तीन दिवसांनी एक किलो वाढवत न्यायचं आणि दोनशे किलोच्या जनावराला सहा किलोवर थांबायचं. दिवसाचं प्रमाण दोन वेळांत विभागायचं. शक्यतो हिरवी द्यायची, पिकलेली असतील तर प्रमाण निम्मं. आणि कापून द्यायची. अख्खं कडक हिरवं केळं अधाशासारखं गिळलं तर घशात अडकू शकतं, ढेकर बंद होते, पोट फुगतं. दोन-तीन इंचाचे तुकडे, सालीसकट. साल काढायची काहीच गरज नाही.

सकाळी गोठ्यात गेल्यावर गव्हाणीच्या आधी शेण बघायची सवय लावून घ्या. म्हैसवर्गाचं चांगलं शेण पडलं की थर धरून बसतं, कडेला वळ्या दिसतात. केळी जास्त झाली की पहिल्यांदा त्या वळ्या जातात, शेण पसरट होतं. मग त्यात बुडबुडे आणि न पचलेले केळीचे तुकडे दिसायला लागतात. रंग राखाडीकडे झुकतो आणि जवळ गेलं की आंबूस वास येतो. वळ्या गेल्या त्याच दिवशी केळी निम्मी केली तर पुढचं काही होत नाही. दुसरी खूण दुपारी बघायची. जनावरं बसलेली असताना निम्म्याहून जास्त ढोरांची तोंडं रवंथ करताना हललेली दिसली पाहिजेत. ती हलत नसतील तर कुट्टी कमी पडतेय किंवा फार बारीक कापली जातेय. केळी खाणाऱ्या जनावराची कुट्टी भुग्यासारखी नको, बोटाच्या पेराएवढी हवी.

खाण्याचा सोडा रोज पन्नास ग्रॅम खुराकात मिसळला तर आम्ल सावरायला मदत होते. तो द्यावा. पण सोडा घालतोय म्हणून दहा किलो केळी टाकली, असं करू नका. जनावराने खाणं पूर्ण सोडलं, चालताना झोकांड्या जाऊ लागल्या किंवा डावी कूस दाबल्यावर आत पाणी डचमळल्यासारखं वाटलं, तर घरगुती काही करत न बसता डॉक्टरला बोलवा. तोवर केळी आणि खुराक दोन्ही बंद, फक्त कोरडा कडबा पुढे ठेवा.

पाल्याचं काय? तिघांत प्रथिनं पाल्यातच जास्त असतात, कोरड्या भागाच्या दहा-बारा टक्के तरी. पण त्यात तुरट द्रव्यंही असतात, ती प्रथिनांना धरून ठेवतात आणि पचू देत नाहीत. थोडा पाला चांगला, नुसता पाला वाईट. एकूण कोरड्या चाऱ्याच्या पाचव्या हिश्शाच्या आत ठेवा, म्हणजे दिवसाला चार-साडेचार किलो हिरवा पाला पुरे. मधला जाड दांडा काढला तर जनावर सगळं संपवतं, नाही तर दांडे गव्हाणीत तसेच पडून राहतात.

म्हणजे ऊर्जा केळीतून आली, पोट कडब्याने भरलं, पाणी खांबातून आलं. मांस ज्याचं बनतं ते प्रथिन कुठून येणार? तुमच्या योजनेतलं भोक हे आहे. सुदैवाने खानदेशात याचं उत्तर दूर नाही. कपाशीच्या मुलखात सरकीची ढेप मिळते आणि जळगावच्या डाळ मिलमधून तुरीची, हरभऱ्याची चुनी, म्हणजे डाळीचा चुरा आणि टरफलं, निघते. केळीत जे नाही ते नेमकं या दोघांत आहे. ढेपेत बावीस-तेवीस टक्के प्रथिनं, चुनीत सोळा-सतरा. शिवाय शेतात तूर, हरभरा होत असेल तर त्याचं कुटार जाळू नका. ज्वारीच्या कडब्यापेक्षा त्यात प्रथिनं थोडी जास्तच असतात.

दोनशे किलोच्या टोणग्याला मी साधारण असं बसवतो. कापलेली हिरवी केळी सहा किलो, ज्वारीची किंवा मक्याची कुट्टी दीड किलो, चिरलेला खांब सहा किलो, पाला तीन किलो, सरकी ढेप सव्वा किलो आणि चुनी पाऊण किलो. वर सांगितलेलं मीठ, खनिज मिश्रण आणि सोडा वेगळं. यात कोरडा चारा साडेपाच किलोच्या जवळ जातो आणि प्रथिनं साडेपाचशे-सहाशे ग्रॅम, म्हणजे अकरा टक्क्यांच्या आसपास बसतात. कुट्टीचं दीड किलो हे कमीत कमी आहे. गव्हाण रिकामी दिसली तर कुट्टी वाढवा, केळी नाही. अशा खाण्यावर टोणगा दिवसाला चारशे ते पाचशे ग्रॅम वाढेल अशी अपेक्षा ठेवायला हरकत नाही, जात चांगली असेल तर थोडा जास्तही. दोनशेचा साडेतीनशे किलो व्हायला दहा महिने ते वर्ष धरा. तीन महिन्यांत तयार होतात असं कुणी सांगितलं तर त्याच्याकडून टोणगे विकत घेऊ नका.

ढेपेबद्दल दोन गोष्टी. पावसाळ्यात ढेपेला बुरशी येते आणि ते विष दिसत नाही, म्हणून महिन्याला पुरेल एवढीच घ्या आणि पोतं फरशीवर न ठेवता लाकडी फळ्यांवर ठेवा. सहा महिन्यांच्या आतल्या पारडाला सरकी ढेप फार देऊ नका, त्यातलं गॉसिपॉल नावाचं विषारी द्रव्य लहान जनावराला मानवत नाही, त्यांना चुनी चालेल. आणि ढेप वाचवायला केळीवर युरिया शिंपडायचा सल्ला कुणीतरी देईलच. नवख्या माणसाने गव्हाणीत युरिया आणू नये. गव्हाच्या भुशावर शंभर किलोला चार किलो या प्रमाणात युरियाचं पाणी मारून, प्लॅस्टिकने हवाबंद झाकून, तीन आठवडे मुरवून मग तो खाऊ घालणं ही वेगळी आणि जुनी पद्धत आहे. ती जरूर शिका, पण एकदा कुणाच्या तरी समोर करून बघा.

आता विषाचा आणि प्लॅस्टिकचा विषय, कारण केळी हे औषधं भरपूर खाणारं पीक आहे. करप्यासाठी पानांवर फवारण्या होतात, कमळ, म्हणजे केळफूल, निघताना इंजेक्शन दिलं जातं, कंदाजवळ कीटकनाशकाचं पाणी ओततात, बुडातून फुटणारी केळीची पिलं मारायला कुणी कुणी तणनाशक वापरतं. तुमच्या बागेत कशावर काय आणि केव्हा पडलं, हे तुम्हाला माहीत आहे. शेजाऱ्याच्या बागेतलं नाही. म्हणून दुसऱ्याकडून पाला किंवा खांब आणताना शेवटची फवारणी कधी झाली हे विचारा, आणि महिना झाला नसेल तर आणू नका. तणनाशकाने मारलेली पिलं कधीच नाही. हरण्या हा केळीचा विषाणू रोग आलेलं झाड खाऊन ढोराला हरण्या होत नाही, पण रोग आवरायला त्या झाडावर आणि आजूबाजूला जी औषधं मारली जातात त्यांचा विचार करा.

पॅकहाऊसमधून माल आणणार असाल तर फण्या धुण्याच्या टाकीच्या आधी बाजूला पडलेला माल घ्या. शेवटच्या टाकीत बुरशीनाशक असतं, त्यातून निघालेला माल ढोरांना नको. क्रेट रिकामा करताना मात्र डोळ्यात तेल घालून बघावं लागतं. घडावरच्या निळ्या पिशव्यांचे तुकडे, फण्यांमध्ये घातलेल्या फोमच्या पट्ट्या, बांधायची सुतळी, सगळं त्यात असतं. टोणगा निवडून खात नाही, जिभेने ओढून घेतो. नायलॉनची दोरी पोटात गेली की ती तिथेच राहते, बाकीचं प्लॅस्टिक तिला येऊन गुंडाळत जातं आणि काही महिन्यांनी जनावर कारण नसताना खंगत जातं. शेतातून खांब आणताना ठिबकच्या नळीचे तुकडेही येतात. एका माणसाने हाताने पसरून, निवडून मगच कुट्टीत घालायचं. हे काम मुलांवर सोपवू नका.

तुमच्या दहा टोणग्यांचा हिशोब आता करू. रोज प्रत्येकी सहा किलोने साठ किलो केळी, वर्षाला बावीस टनांच्या आसपास. सहा एकरांत एकरी पंचवीस टन धरलं तर दीडशे टन उत्पादन. शंभरात सहा टाकाऊ निघाली तर नऊ टन, आणि तीही दोन-तीन महिन्यांत एकदम निघणार. म्हणजे तुमच्या बागेतला वापसीचा माल दहा टोणग्यांना जेमतेम पाच महिने पुरतो, तोही टिकवता आला तर. पावसाळ्याच्या तोंडाशी लावलेली मृगबाग आणि पावसाळ्यानंतर लावलेली कांदेबाग दोन्ही असतील तर माल दोन हंगामांत विभागला जाईल, एवढाच फायदा. खांबाचं उलट आहे. दहा जनावरं वर्षभरात नऊशेच्या आसपास खांब संपवतील, आणि तुमच्या सहा एकरांत पाच बाय पाचवर दहा हजार झाडं आहेत. उरलेले नऊ हजार खांब ढोरांसाठी वाया गेले असं समजू नका. बारीक करून बागेतच घाला, त्यातलं पोटॅश जमिनीत राहू द्या. माझं स्पष्ट मत आहे की खांबाची खरी जागा जमीन आहे, गव्हाणीत तो पाहुणा म्हणून ठीक.

मालाचा तुटवडा भरून काढायला दोन उपाय आहेत. पहिला वाळवण. आपलं ऊन इतकं कडक असतं की उन्हाळ्यात हिरव्या केळीच्या चकत्या ताडपत्रीवर पातळ पसरल्या तर तीन-चार दिवसांत कडक वाळतात. शंभर किलो केळीचे तेवीस-चोवीस किलो वाळके होतात. वाळलेली चकती हातात मोडली तर कट्ट आवाज आला पाहिजे, वाकली तर ती पोत्यात बुरशी धरणार. ही वाळकी भरडून मक्याच्या भरड्याच्या जागी किलोला किलो चालतात. फक्त आंबण्याचा धोका वाळल्याने जात नाही, म्हणून सहा किलो ओल्याच्या जागी दीड किलोच द्यायची.

दुसरा उपाय मुरघास, म्हणजे हवाबंद मुरवलेला चारा. वादळवाऱ्यात बागा आडव्या होतात तेव्हा अर्धवट भरलेले घड एकदम पदरात पडतात आणि त्यांना गिऱ्हाईक नसतं. ते आणि पाला बारीक करून, शंभर किलो केळीला पंधरा-वीस किलो कोरडी कुट्टी आणि दोन किलो गूळ पाण्यात कालवून मिसळा, मुरघासाच्या पिशवीत पायाने दाबत भरा आणि तोंड घट्ट बांधा. दीड महिन्याने उघडा. वास ताकासारखा आंबट-गोड यायला हवा. सडका किंवा लोण्याच्या खवटपणासारखा आला तर तो भाग फेका. नुसत्या खांबाचा मुरघास करायचा विचार असेल तर पाण्यामुळे शंभर किलोला तीस-चाळीस किलो कुट्टी घालावी लागते, नाही तर तळाशी पाणी साचून कुजतं. एवढी कुट्टी हाताशी असेल तर ती तशीच खाऊ घाला की!

हे सगळं बघता, दहाऐवजी चार किंवा पाच टोणग्यांनी सुरुवात करा असं मी म्हणेन. आज समोर दिसणाऱ्या ढिगावरून ढोरं मोजू नका. ऑगस्टमध्ये केळीही नाही आणि कडबाही संपत आला, अशा वेळी किती पोसता येतील, त्यावरून मोजा. शेजारी तीन-चार बागायतदार आहेत, त्यांचा माल वर्षभर बांधून घेता आला, तर दुसऱ्या वर्षी वाढवा. यात बरंच तुमच्यावर अवलंबून आहे. घरचा मका किंवा दादरचा, म्हणजे रब्बी ज्वारीचा, कडबा आहे का, डाळ मिलची चुनी कोणत्या भावाने दारात पडते, गोठ्यावर दोन वेळ उभं राहणारं माणूस घरचं आहे की मजुरीचं. कडबा आणि ढेप दोन्ही विकत, आणि माणूसही मजुरीचा असेल, तर वापसी केळी फुकट मिळूनही हातात फार उरणार नाही. मग त्याच केळीत घरच्या दोन म्हशींचा भरडा वाचवणं जास्त फायद्याचं. दुभत्या म्हशीलाही हाच नियम, हळूहळू वाढवत आणि कडब्यानंतर.

टोणगे घेताना एक वर्षाच्या आसपासचे, पाय सरळ आणि डोळे चकचकीत असलेले निवडा. फार लहान पारडं स्वस्त मिळतात, पण दूध लवकर तोडलेलं पारडू पुढे कधीच भरत नाही. कानात बारा अंकी बिल्ला आहे का बघा. घरी आणल्यावर पंधरा दिवस म्हशींपासून लांब बांधा, जंतांचं औषध द्या, आणि पावसाआधी घटसर्प आणि लाळ्या-खुरकूत या लसी झाल्याच पाहिजेत. म्हैसवर्गात घटसर्प आला तर रात्रीतून गोठा रिकामा करतो. केळी सुरू करायची ती या पंधरा दिवसांनंतर, ढोर गावच्या पाण्याला आणि कडब्याला रुळल्यावर. उन्हाळ्यात चारा पहाटे आणि रात्री घाला, दुपारी अंगावर पाणी मारा.

राहिली पपई आणि लिंबू. पपईचा टाकाऊ माल चालतो, पण त्यात पाणी केळीपेक्षाही जास्त, म्हणून लांबून गाडीभाडं देऊन आणू नका. हिरव्या पपईच्या चिकाने तोंडाला चुणचुण होते, पिकायला लागलेली बरी. लिंबाचा रस काढल्यावरचा चोथा जनावरं आठवडाभर नाक मुरडतात आणि मग खातात. तो दिवसाला एक-दोन किलोपर्यंत, ताजा असेल तरच, कारण त्याला दुसऱ्या दिवशी बुरशी येते. डाळिंबाची सालं फार तुरट, ती टाळा. आणि गोठ्याच्या आसपास सीताफळं असतील तर ती मात्र लांब ठेवा, त्यांच्या बिया विषारी असतात आणि ढोर त्या चावून खाऊ शकतं.

पुढचं लिहिताना तुमच्याकडे कडबा किती पेंढ्या आहे आणि चुनीचा आजचा भाव काय, एवढं कळवा. म्हणजे वर दिलेलं प्रमाण तुमच्या गोठ्याला किती रुपयांत पडेल ते आकडे घालून सांगतो. केळी संशोधन केंद्र जळगावातच आहे आणि पालचं कृषी विज्ञान केंद्र तुमच्या तालुक्यात, वाळवणाचं आणि मुरघासाचं प्रात्यक्षिक कधी असतं ते तिथे विचारून ठेवा.